आजीचं नाव विचारणाऱ्या मुलीस

प्रिय बाळ,

तुझं नाव कुठे लिहू नका असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. स्टँडमागच्या गल्लीतलं ते झेरॉक्सचं दुकान ज्यांना माहीत आहे त्यांना कळेलच.

काल रात्री तुझ्याकडून घरी आले, अर्ज भरल्याचा कागद देवापुढे ठेवला आणि मला रडू आलं. अमेरिकेचा व्हिसा अजून मिळालेला नाही. बोटांचे ठसे द्यायचेत, मग दुसऱ्या दिवशी मुंबईत, बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. तिथे होईल ते होवो. तुझे आभार मानायला मी त्या निकालाची वाट बघणार नाही. निकाल लागला की माणसं पेढे वाटतात नाहीतर गप्प बसतात, आणि मदत करणारा दोन्ही वेळा विसरला जातो.

लेकीचं पहिलं बाळंतपण न्यू जर्सीत आहे. तिला आई हवी आहे. एवढ्या साध्या कामासाठी मी दोन महिने एका एजंटाच्या दारात उभी होते. पैसे त्यानं आधीच घेतले. “काकू, तुम्ही कशाला त्रास घेता, मी भरतो ना,” म्हणाला आणि संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवून बसला. मीही बसू दिलं, ती माझी चूक. पासपोर्टसाठी काढलेला जुनाच फोटो त्यानं चढवला. गेल्या सहा महिन्यांतला आणि चष्म्याशिवायचा लागतो, हे मला तुझ्याकडून कळलं. यापूर्वी दुसरं कोणतं नाव वापरलं होतं का, या प्रश्नावर त्यानं “नाही” ठोकून दिलं. मी म्हटलं, अहो, माझी दहावी, डी.एड. सगळं माहेरच्या नावावर आहे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही गेलं. हे लपवायचं कशाला? “कोण बघतंय एवढं,” म्हणाला. मी फारच मागे लागले तेव्हा त्यानं फोन उचलणं बंद केलं.

तुझ्याकडे आले ते फक्त अर्जाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घेऊन. तू तो टाकलास. आडनावाची पहिली पाच अक्षरं आणि जन्मवर्ष मागितलं, तेही टाकलंस. मग पडद्यावर शेवटचा प्रश्न आला. अर्ज सुरू करताना त्याचं जे उत्तर लिहून ठेवलं असेल तेच दिलं तर अर्ज उघडतो. तू तो मराठीत वाचून दाखवलास. तुमच्या आईच्या आईचं नाव काय?

मी सांगितलं. तू लिहिलंस. चूक, असं उत्तर आलं. स्पेलिंग बदलून पाहिलंस, तरी चूकच. तिसऱ्यांदा तू हात थांबवलेस आणि हळूच म्हणालीस, “काकू, त्यांनी मनाचं काहीतरी लिहून ठेवलंय.”

बाळ, मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. जनरल रजिस्टरला नाव चढवताना एक वेलांटी चुकली तर त्या पोराला पुढे जन्मभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, म्हणून मी बापाकडून दोनदा वदवून घेऊन नाव लिहायची. आणि इथे मी माझ्याच आजीचं खरं नाव सांगत होते आणि मला माझाच अर्ज उघडता येत नव्हता. त्या माणसानं पैसे खाल्ले याचं मला तितकं वाटलं नाही. माझ्या आजीच्या जागी त्यानं काहीतरी खरडलं, ते फार लागलं.

तू म्हणालीस, जाऊ द्या, नवीन अर्ज भरू. पुन्हा तोच प्रश्न आला. यादीत दुसरेही प्रश्न होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, “आपण हाच ठेवू. आता खरं उत्तर लिहू.” मग विचारलंस, “आजीला घरात काय म्हणायचे?”

हे त्या अर्जात कुठेच विचारलेलं नव्हतं. तुझ्या मागे दोन पोरं हॉल तिकीट काढायला उभी होती. वीस मिनिटं काही केलं नाही की ते पान बंद होतं, हेही तुला माहीत होतं. तरी तू कीबोर्डवरून हात काढून घेतलास आणि ऐकत बसलीस. मी सांगितलं, आजोबा तिला “अगं ऐकलंस का” म्हणायचे, गल्ली “काकी” म्हणायची, आम्ही “आई”च म्हणायचो. तिचं नाव लिहिलेलं मी एकदाच पाहिलं, आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलं तेव्हा. आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आता कुठे आईचं नाव सरकारी कागदावर लागायला लागलंय. आईच्या आईचं नाव कोण विचारतं? ते मोठ्यानं उच्चारून मला किती वर्षं झाली असतील, सांगता येणार नाही.

तू कॅलेंडरचं जुनं पान फाडलंस. मागच्या कोऱ्या बाजूला आधी मराठीत तिचं नाव लिहिलंस आणि मला विचारलंस, बरोबर आहे ना? मग त्याखाली मोठ्या, सुट्या इंग्रजी अक्षरांत लिहिलंस. “व”साठी व्ही घ्यायचा की डब्ल्यू, तेही मलाच ठरवायला लावलंस आणि त्या अक्षराखाली रेघ ओढलीस. म्हणालीस, “आता तुमचा अर्ज तुम्ही कुठूनही उघडू शकता, माझीही गरज नाही. फक्त हा कागद आणि अर्जाचा नंबर एका पाकिटात ठेवू नका.”

माझीही गरज नाही! त्या माणसाचा सगळा धंदा मी त्याच्यावाचून अडावं यावर चालला होता आणि तू मला किल्ली हातात देऊन मोकळी केलीस.

पुढचं तू भराभर केलंस. माहेरचं नाव आणि आडनाव त्यांच्या रकान्यात गेलं. आपल्या लिपीत पूर्ण नाव लिहायची एक जागा असते, तिथे तू “लागू नाही”ची खूण करून पुढे गेली नाहीस, देवनागरीत नाव टंकलंस. अर्ज भरायला कोणी मदत केली का, यावर “हो” लिहून तुझं स्वतःचं नाव आणि पत्ता दिलास. मी विचारलं, तुला काही त्रास नाही ना व्हायचा? “मदत केलीय तर केलीय,” म्हणालीस. शेवटचं बटण मात्र दाबलं नाहीस. माऊस माझ्याकडे सरकवून म्हणालीस, ही तुमची सही आहे, तुम्हीच करायची. निघताना माझ्यासमोर पासपोर्टचा स्कॅन आणि फोटो संगणकावरून पुसलेस.

आजीचं नाव मी या पत्रात लिहीत नाही, तूच सांगितलंस ना, ते कोणाला सांगायचं नाही. कागद माझ्या पाकिटात आहे, अर्जाचा नंबर कपाटात.

पहाटे लेकीचा फोन आला. अर्ज गेला म्हटल्यावर तिनं विचारलं, या वेळी नीट भरला ना? मी म्हटलं, तुझ्या पणजीचं नाव माहीत आहे का तुला? ती गप्प झाली. मग म्हणाली, “नाही गं आई. सांग, थांब, पेन घेते.”

तुझी,
काकू