दोष आहेच, पण दुसराच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला गाड्यांच्या गेमवरचा लेख वाचला. लगेच लिहायला बसणार होतो, पण घरून सूचना आली, की उद्या लिहा, डोकं शांत झालं की. आज सोमवार. डोकं काही शांत झालेलं नाही.

मुलं रात्री बायपासवर गाड्या पळवतात कारण ती गेम खेळतात, एवढंच त्या अर्ध्या पानात आहे. विषय रस्त्यावरच्या चोरट्या शर्यतींचा आणि चित्र फॉर्म्युला वनच्या गाडीचं. (मोनॅकोची शर्यत शहरातल्या रस्त्यांवरच होते म्हणा. पण चित्र लावणाऱ्याने एवढा विचार केला असेल असं वाटत नाही.) शिवाय 'नीड फॉर स्पीड'चं 'नीड ऑफ स्पीड' दोनदा झालंय. एकदा झालं असतं तर मुद्राराक्षसावर ढकलता आलं असतं.

आमच्या पिढीने मोटरसायकलच्या शर्यतीचा 'रोड रॅश' खेळलाय. शेजारून जाणाऱ्याला लाथ घालायची, त्याच्या हातातली साखळी हिसकावून त्यालाच हाणायची, पोलीस आडवा आला तर त्यालाही सोडायचं नाही. सर लॅबबाहेर गेले की अख्खा वर्ग हेच करायचा. त्यातले दोघे आज बँकेत आहेत, एक तलाठी आहे आणि मी वाहनविम्याचे क्लेम तपासतो. साखळी कुणी हातात घेतल्याचं ऐकिवात नाही. रस्त्यावर शर्यत लावण्याविरुद्ध मोटार वाहन कायद्यात कलम १८९ आहे, १९८८ पासून. तेव्हा यातला एकही गेम बाजारात नव्हता. म्हणजे पोरं त्याआधीही गाड्या पळवतच होती.

गेममध्ये दोष नाही असं माझं म्हणणं नाही. दोष आहे. मागे टाकलेला गडी त्यात मागे राहतच नाही.

'नीड फॉर स्पीड' मालिकेतला 'मोस्ट वाँटेड' (२००५चा, दुसऱ्याबद्दल पुढे बोलतो) खेळलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळलं असेल. एकही वळण न चुकता, एकाही टॅक्सीला न घासता तुम्ही सगळ्यांच्या पुढे आहात. नकाशावरचे ठिपके केव्हाच मागे पडलेत. शेवटचं वळण येतं, समोरून एक मोटार येते, तिला जरासा धक्का लागतो आणि तेवढ्यात तो डावीकडून भुर्रकन पुढे. इतका वेळ होता कुठे हा? याला रबर बँड म्हणतात. कॉम्प्युटरची गाडी मागे पडली की तिला गुपचूप जास्त वेग मिळतो, फार पुढे गेली की तिला ढिलं सोडतात. का, तर शर्यत चुरशीची व्हावी. म्हणजे पहिल्या चार मिनिटांची तुमची सफाई गेली पाण्यात, ठरायचं ते शेवटच्या वळणावर. 'मारिओ कार्ट'मध्येही हेच चालतं, पण तिथे केळ्याच्या सालीवरून घसरायचं असतं, तिथे न्याय मागायला कोण जातो? पोरांवर वाईट संस्कार शोधायचेच असतील तर इथे शोधा: नीट चालवणाऱ्याचं काही खरं नाही, हे तो गेम दर शर्यतीला शिकवतो.

तरीही आम्ही खेळायचो. बार्शीत, २००७च्या उन्हाळ्यात. कॅफेत सात कॉम्प्युटर, पण गेम चालेल असं ग्राफिक्स कार्ड फक्त चार नंबरला. तासाला पंधरा रुपये. (प्रत चोरीची होती. सीडीवर मार्करने 'मोस्ट वॉन्टेट' लिहिलेलं होतं. क्लेम तपासणाऱ्याने खोटं बोलू नये.) कीबोर्डवरचा वरचा बाण झिजून गुळगुळीत झाला होता, आणि स्पेसबार उजव्या कोपऱ्यात दाबला तरच हँडब्रेक लागायचा. एक जण खेळायचा, दोघे मागे उभे राहून अक्कल शिकवायचे.

आपल्या लेखकांना यात 'वेगाची नशा' दिसली. आम्हाला तर तो व्याप वाटायचा. एकेक करून हरवायच्या पंधरा जणांची यादी, म्हणजे ब्लॅकलिस्ट, सुरुवात फोक्सवॅगन गोल्फ गाडीवाल्या सनीपासून. प्रत्येकाच्या समोर उभं राहण्याआधी ठरावीक शर्यती जिंका, पोलिसांना ठरावीक मिनिटं झुलवा, डोक्यावर ठरावीक इनाम चढवा. त्याला हरवलं की समोर पत्ते यायचे, त्यातले दोनच उचलायचे. नशीब असेल तर एकाखाली त्याच्या गाडीचे कागद. माझा मित्र पत्ता उचलण्याआधी भगवंताच्या देवळाच्या दिशेने हात जोडायचा. चारदा गाडी मिळाली त्याला.

आणि पोलीस. वायरलेसवर ते आपल्याच गाडीचं वर्णन एकमेकांना सांगताना ऐकू यायचं. दुकानावरचं ते भलंमोठं डोनट त्यांच्या अंगावर पाडायचं, ते गोंधळले की गल्लीबोळात शिरायचं आणि तिथे गाडी उभी करून गप्प बसायचं, खालची पट्टी भरेपर्यंत. गल्लीच्या तोंडावरून एक गाडी सावकाश निघून जायची. आम्ही तिघेही श्वास रोखून. वेगाच्या गेममधली सगळ्यात भारी वेळ गाडी उभी असताना यायची, हे आपल्या लेखकांना कोण सांगणार? त्यासाठी एकदा तरी खेळावं लागतं.

त्या गेममध्ये रेझर नावाचा एक गडी सुरुवातीलाच तुमची चंदेरी-निळी बीएमडब्ल्यू लबाडीने जिंकून नेतो. ती परत मिळवण्यासाठी बाकीचा सगळा खटाटोप. मला अडीच महिने लागले. रेझरला हरवलं, किल्ली हातात आली आणि सगळ्या शहराचे पोलीस मागे लागले. बराच वेळ त्यांना झुलवल्यावर फोन येतो, की जुन्या पुलाकडे ये. मी गाडी वळवली आणि वीज गेली.

त्या आठवड्यात भारनियमन दुपारी तीन ते सहा होतं. वीज गेली पावणेतीनला. चार नंबरचा यूपीएस एरवी दोन मिनिटं तरी टी-टी करायचा, त्या दिवशी त्याने दोन सेकंदांत मान टाकली. इन्व्हर्टरवर होता मालकाच्या डोक्यावरचा पंखा. खेळून पाऊण तास झाला होता, त्याने पंधरा रुपये पुरे घेतले. दुसऱ्या दिवशी कॅफे उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो, तर व्हायरस शिरला म्हणून पहाटेच चार नंबर फॉरमॅट केलेला. अडीच महिन्यांचा सेव्ह त्याबरोबर गेला. "परत खेळ की, तुझं काय जातंय?" असं मालक म्हणाला. जूनमध्ये मी शिकायला पुण्याला आलो. तो पूल राहिला तो राहिलाच.

आता पैसे देऊन रीतसर घ्यावा म्हटलं, तर २०१२मध्ये त्याच नावाने दुसराच गेम आलाय. त्यात रेझर नाही आणि यादी दहावर आलीय. त्याच मालिकेतले 'कार्बन', 'अंडरकव्हर' वगैरे २०२१मध्ये ऑनलाइन दुकानांतून उठवले. 'द क्रू' या गाड्यांच्याच दुसऱ्या गेमचं तर विचारूच नका. लोकांनी रोख पैसे मोजून घेतलेला गेम, ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाला आणि तो एकट्याने खेळायलाही उघडेनासा झाला. आमच्या मालकाने निदान एकच कॉम्प्युटर फॉरमॅट केला होता. असले प्रकार थांबवा म्हणून युरोपात दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. आपल्या अर्ध्या पानात यावर एक ओळ नाही.

जाता जाता. त्या गेममध्ये 'स्पीडब्रेकर' नावाची सोय आहे. बटण दाबलं की काळ मंदावतो आणि गाडी निवांत सांभाळून घेता येते. आमच्या सोसायटीसमोरच्या गतिरोधकाला ही सोय नाही. त्यावरचे पांढरे पट्टे जाऊन दोन वर्षं झाली, रात्री तो दिसतच नाही, आणि गेल्या महिन्यात मी स्कूटरसकट आडवा झालो तेव्हा ताशी वीसच्या वर नव्हतो. संबंधित कार्यालयात तीन अर्ज दिलेत. मार्चमध्ये आपल्यालाही पत्र पाठवलं होतं, आपण छापलं नाहीत. जागा नसेल. वेगावर अर्धं पान निघालं म्हणून पुन्हा आठवण करून देतो.

तुमचा लेख वाचून भाच्याने काल त्या गेमचा शेवट यूट्यूबवर शोधून दिला. कुणीतरी परदेशातला खेळत होता, चांगला खेळत होता. पूल दिसायला लागला तसा मी फोन उलटा करून ठेवला.

आपला,
एक जुना वाचक,
चिंचवड, पुणे