‘हात लावू नकोस’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून गाळतोय. आभार मात्र चारचौघांतच मानणार. चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून घाबरणारा मी काही एकटा नसेन.

कॉम्प्युटर मंद चालत होता म्हणून मी डिटेल्सच्या टॅबमध्ये डोकावलो आणि तिथे ‘फॉन्टडीआरव्हीहोस्ट डॉट ईएक्सई’ नावाचं काहीतरी चालू दिसलं. तेही एक नाही, दोन. वापरकर्त्याच्या रकान्यात माझं नाव नाही, ‘सिस्टिम’ही नाही, ‘यूएमएफडी-०’ आणि ‘यूएमएफडी-१’. सेटिंग्जमध्ये खात्यांची यादी पाहिली, तर तिथे या दोघांचा पत्ताच नाही. माझ्या मशीनवर ही बिनबोभाट खाती उघडली कुणी? इंटरनेटवर शोधलं, तर एकजण म्हणतो काळजी नको, दुसरा म्हणतो ताबडतोब काढा आणि आमचं सफाईचं सॉफ्टवेअर घ्या. दोघेही तितकेच ठाम.

तुम्हाला फोन केला तेव्हा मला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं होतं. तुम्ही म्हणालात, “हात लावू नकोस. आणि नाव काय सांगतोस, पत्ता सांग.”

राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ दाबलं. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचं घर. मग तुम्ही समजावलंत की नाव कुणीही कुणाचंही लावू शकतं. विंडोजच्याच एसव्हीसीहोस्ट या फाइलच्या नावातली दोन अक्षरं मागेपुढे केली की घाईत वाचणाऱ्याला कळत नाही. तशाच एलसॅस या फाइलच्या नावाच्या सुरुवातीला लहान एलऐवजी मोठा आय टाकला, तर पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पत्त्याचं सोंग आणणं जरा अवघड. उदाहरणार्थ, विंडोजच्या एक्सप्लोररची जागा थेट विंडोज फोल्डरमध्ये. त्या नावाची फाइल टेम्प किंवा ॲपडेटा अशा भलत्याच फोल्डरमधून चालताना दिसली, तर संशय घ्यायला जागा आहे.

पत्ता बरोबर निघाल्यावर मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर तुम्ही तोही पुरता टाकू दिला नाहीत. ॲडमिनचे अधिकार मिळालेला घातक प्रोग्राम सिस्टिम३२ मध्येही फाइल ठेवू शकतो, म्हणून आता सही, म्हणजे फाइल कुणाकडून आली याची डिजिटल खूण, बघायची. पण त्याआधी तुम्ही मला नोटपॅडच्या फाइलची प्रॉपर्टीज उघडायला लावलीत, आणि मदत कशी करावी हे मला तिथे दिसलं. माझ्या विंडोज १० मध्ये नोटपॅडला ‘डिजिटल सिग्नेचर्स’चा टॅबच नाही! हे आधी दाखवलं नसतंत, तर टॅब नसलेली प्रत्येक फाइल मला बनावट वाटली असती. विंडोजच्या कितीतरी फाइलींची सही फाइलीत नसतेच, ती वेगळ्या कॅटलॉगमध्ये नोंदलेली असते. म्हणून पॉवरशेल या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत ‘गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर’ आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता. उत्तर आलं ‘व्हॅलिड’, सही मायक्रोसॉफ्टची.

मग हॅश, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. ‘गेट-फाइलहॅश’ दिल्यावर चौसष्ट अक्षरी एसएचए-२५६ हॅश मिळाला. मी फाइलच व्हायरसटोटलवर, म्हणजे अनेक अँटीव्हायरस स्कॅनरकडून फाइल तपासून देणाऱ्या वेबसाइटवर, चढवायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, आधी नुसता हॅश शोध. विंडोजची फाइल चढवली तर बिघडत नाही, पण तीच सवय लागली तर उद्या एखादं खासगी कागदपत्रही चढवशील, आणि तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांच्या हाती जाते. हॅश सापडला, एकाही स्कॅनरची तक्रार नव्हती. सापडला नसता, तर त्याचा अर्थ एवढाच की ती फाइल तिथे अजून कुणी तपासायला दिलेली नाही. सत्तरेक स्कॅनरपैकी एखाद्याने बोट दाखवलं तरी लगेच निकाल लागत नाही, आणि यावर तुम्ही दिलेलं उदाहरण मी अजून लोकांना ऐकवतोय. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपीतल्या खऱ्या एसव्हीसीहोस्टलाच व्हायरस ठरवलं. जगभरातले कॉम्प्युटर परत परत रीस्टार्ट होत राहिले, नेटवर्क बंद. राखणदारानेच घरमालकाला कोंडून ठेवावं, तसला प्रकार.

सहीबद्दलही तुम्ही मला फार निर्धास्त राहू दिलं नाहीत. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या हार्डवेअर कंपन्यांच्या चोरलेल्या सर्टिफिकेटच्या सह्या होत्या. २०१७ मध्ये सीसीक्लीनर या सफाईच्या सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीत घातक कोड घुसला, तोही कंपनीच्या खऱ्या सहीसकट. सही कुणाच्या नावाने झाली आणि त्यानंतर फाइल बदलली का, एवढंच सही सांगते. म्हणून पत्ता, सही, हॅश आणि ही प्रक्रिया सुरू कुणी केली, हे सगळं एकत्र बघायचं. शेवटचं आपण प्रोसेस एक्सप्लोरर नावाच्या प्रोग्राममध्ये पाहिलं: शून्यवालीला विनइनिटने सुरू केलेलं, एकवालीला विनलॉगऑनने, दोन्ही विंडोजचेच भाग. जसं असायला हवं तसंच. विंडोजच्या फाइली तपासणारं ‘एसएफसी स्कॅननाऊ’ही चालवलं, त्यालाही काही खोट सापडली नाही.

एवढं झाल्यावर मी फोन ठेवला असता. तुम्ही विचारलंत, “पण ती फाइल करते काय, हे नको का कळायला?” ताई, हे पत्र खरं तर त्या प्रश्नासाठी आहे.

फॉन्टची फाइल वाचणं हे गुंतागुंतीचं काम, आणि विंडोज ते वर्षानुवर्षं थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, करत असे. त्यामुळे फॉन्ट वाचण्यातली एखादी चूक हेरली, की हल्लेखोर सरळ गाभ्यात. २०११ मध्ये डुकू या घातक प्रोग्रामने नेमकं हेच केलं: वर्डच्या कागदपत्रात मुद्दाम रचलेला ट्रूटाइप फॉन्ट दडवला होता. विंडोज १० मध्ये हे काम कर्नलमधून काढून वेगळ्या, हातपाय बांधलेल्या प्रक्रियेकडे दिलं. तीच ही फाइल. यूएमएफडी म्हणजे यूजर मोड फॉन्ट ड्रायव्हर. ती ‘खाती’ कुणी गुपचूप उघडलेली नाहीत, कमीत कमी अधिकारांत काम व्हावं म्हणून विंडोजनेच केलेली सोय आहे. मार्च २०२० मध्ये विंडोजमध्ये फॉन्ट हाताळणाऱ्या ॲडोबी टाइप मॅनेजरमधल्या त्रुटींचा इशारा आला, तेव्हा विंडोज १० वाल्यांना धोका कमी होता तो याच बंदिस्तपणामुळे. आणि मी संशय कुणावर घेत होतो, तर या राखणीवरच!

तेव्हाच तुम्ही टेडी बेअरची गोष्ट सांगितलीत. २००२ च्या सुमाराचा ईमेल: तुमच्या मशीनमध्ये जेडीबीजीएमजीआर नावाची फाइल शोधा, तिचं चिन्ह अस्वलाचं असेल, तो व्हायरस आहे, उडवा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोकांनी शोधली. सापडली. अस्वलही होतं! सापडणारच, कारण ती मायक्रोसॉफ्टचीच जावा डीबगिंगची फाइल होती. लोकांनी ती स्वतःच्या हाताने उडवली, वर दहा जणांना सावध केल्याचं समाधान. नशीब, बहुतेकांना तिची कधी गरज पडली नाही. व्हायरस लिहिण्याचेही कष्ट नाहीत, असा हा व्हायरस.

मंदपणाचं कारण म्हणाल, तर मागे चाललेलं एक भलंमोठं अपडेट. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तुम्ही दमला असणार, आवाजावरून कळत होतं. तरी माझ्या भीतीला एकदाही हसला नाहीत, आणि ‘मी सांगते ना’ म्हणून विषय मिटवलाही नाहीत. याबद्दल मनापासून धन्यवाद.

आता एक उरलं. जुन्या स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने ठेवलेली एक डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला लागणारी मदतनीस फाइल, ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरमध्ये पडून आहे. सही नाही, हॅशची कुठे नोंद नाही. म्हणजे ना चोर ठरते, ना साव. तो स्कॅनर मी वापरत नाही, तेव्हा एकटी फाइल न उडवता अख्खं सॉफ्टवेअरच रीतसर अनइन्स्टॉल करावं म्हणतो. रविवारपर्यंत थांबतो, काही वेगळं करायचं असेल तर तोवर कळवा.

तुमचा,
यूएमएफडीला घाबरलेला