टोपणनावांच्या आडून

चि. सुहासला,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर एकोणिसाव्या शतकातल्या मराठी प्रबोधनावरच्या तुझ्या टिपणाविषयी बोलताना तू म्हणालास, "आपल्याकडं कसलं आलंय प्रबोधन! चार सरकारी नोकर, टोपणनावाच्या आडून क्रांतिकारक लिहायचे आणि घरी गेले की सोवळं नेसून पाटावर बसायचे." तेव्हा मी गप्प बसले, कारण मला राग आला होता आणि रागात मला मुद्देसूद बोलता येत नाही. तुझ्या बाबांना विचार, त्यांना दाखले देता येतील. म्हणून लिहायला बसले.

टोपणनावांचं म्हणशील तर तू म्हणतोस ते खरंच आहे. सध्या माझ्या टेबलावर लोकहितवादींच्या शतपत्रांच्या निवडीची प्रुफं आहेत. संपादकांनी मूळचं लेखन जसंच्या तसं ठेवायचं ठरवलंय, त्यामुळे दर ओळीत 'करावें', 'जावें', 'नाहीं' यांच्या डोक्यावरच्या अनुस्वारांची राखण करत बसावं लागतं. एक टिंब निसटलं की फोन येतो. पण असं टिंब टिंब वाचण्याचा फायदा हा की मजकूर घाईनं पुढे ढकलता येत नाही. हा पंचविशीतला मुलगा 1848 मध्ये मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकामध्ये 'लोकहितवादी' या सहीनं लिहायला लागला आणि पुढच्या दोनेक वर्षांत त्यानं 108 पत्रं लिहिली. भट-भिक्षुकांची घोकंपट्टी, विधवांचे हाल, विलायती कापडापायी बुडालेले इथले धंदे, काही म्हणून सोडलं नाही. आणि लिहिणारा कोण? गोपाळ हरी देशमुख. बाप पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांचा फडणीस. ते बापू गोखले 1818 मध्ये आष्टीच्या लढाईत पडले, पेशवाईही त्याच वर्षी संपली. म्हणजे ज्या घराचं वैभव त्या राज्याबरोबर गेलं, त्याच घरातला मुलगा तीस वर्षांनी लिहितोय की राज्य गेलं ते आपल्या अज्ञानानं गेलं, इंग्रजांच्या नावानं बोटं मोडून काही होणार नाही. हे खऱ्या नावानं सही करून लिहायचं म्हणजे काय, याचा जरा विचार कर. घरात म्हातारी माणसं असतील. त्यांनी शनिवारवाडा भरलेला पाहिलेला असेल.

शिवाय नोकरी सरकारी. आणि त्याच पत्रांतून हा माणूस सुचवतोय की इथल्या कारभारात आपली माणसं घेतलेलं पार्लमेंट असावं, तशी मागणी विलायतेस पाठवावी. राष्ट्रीय सभा, म्हणजे काँग्रेस, निघायला त्यानंतर अजून 37 वर्षं जायची होती! इंग्रजी राज्य देवानंच धाडलं असंही त्यांनी लिहिलंय, ते मला आवडत नाही. तुलाही आवडणार नाही. पण एकाच माणसाच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या, आणि त्यातली एक गाळून दुसरीवरच प्रकरण लिहिणं हा आळस आहे. तुझ्या टिपणात तू तेच केलंयस.

भास्कर पांडुरंग तर्खडकर हे नाव तुझ्या टिपणात नाहीच. दादोबांचे भाऊ. दादोबा म्हणजे ते व्याकरणवाले. 1841 मध्ये भास्करनं बॉम्बे गॅझेट या इंग्रजांच्या वर्तमानपत्रात इंग्रजीतून पत्रं लिहिली, सही 'अ हिंदू'. या देशाचा पैसा कसा बाहेर चाललाय, धंदे कसे मोडलेत आणि वर उपकाराची भाषा कशी ऐकावी लागतेय, हे त्यात रोखठोक लिहिलंय. दादाभाई नौरोजींच्या कितीतरी आधी. तेव्हा तो होता पंचवीस वर्षांचा, आणि गेला 1847 मध्ये. सही खोटी होती म्हणून तो हिशेब खोटा ठरत नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. ती तुमच्या पुस्तकांत तळटिपेत पडलेली असते, मला ती वरच्या मजकुरात हवी असते. गणपत कृष्णाजी जातीचे भंडारी, अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले. त्यांनी स्वतःचा शिळाछाप काढला आणि 1831 मध्ये मराठी पंचांग छापलं. शिळाछापाचं सगळं गणित तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत यावर चालतं. गुळगुळीत दगडावर स्निग्ध शाईनं लिहायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना धरते, ओल्या जागेला लागत नाही. म्हणजे शाईत स्निग्ध पदार्थ हवाच, त्याला इलाज नाही. आणि लोकांना नेमकी तीच धास्ती: शाईत चरबी असणार, छापील पंचांग देव्हाऱ्याजवळ ठेवायचं कसं? गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं असं सांगतात. झालं! आक्षेप घ्यायला जागाच राहिली नाही.

तू याला तडजोड म्हणशील. म्हण. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं. ब्राह्मणांनी हातानं लिहून घरोघर वाचून दाखवायचं पंचांग एका भंडाऱ्याच्या छापखान्यातून निघालं आणि ब्राह्मणांच्याच घरात गेलं. यावर कुणी व्याख्यान दिलं नाही, वाद घातला नाही. छापलेला कागद शिवला तर चालतो, हे लोकांच्या हाताला आधी कळलं, डोक्याला मागाहून.

पुढच्याच वर्षी, 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' हे वर्तमानपत्र निघालं. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, शेजारीशेजारी रकाने. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीतले. देवगडकडच्या पोंभुर्ल्याचा मुलगा, पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलं, कुलाब्याची वेधशाळा सांभाळली, ताम्रपट वाचले, 1845 मध्ये ज्ञानेश्वरी छापून काढली आणि 1846 मध्ये गेला. उणीपुरी चौतीस वर्षं. त्या दोन रकान्यांकडे नीट बघ. इंग्रज वाचणार आणि आपले लोकही वाचणार, आणि एकाला काय सांगितलं ते दुसऱ्याला दिसणार! दरबारात असं कधी चालत नव्हतं. तिथं साहेबाशी बोलायचं ते वकिलानं, बंद दाराआड, आणि रयतेला कळायचा तो फक्त हुकूम. 1835 मध्ये गव्हर्नर जनरल मेटकाफनं छापखान्यांवरचे निर्बंध उठवले ते सगळे शिकवतात, पण त्याआधी तीन वर्षं हे रकाने चालू होते.

आणि बाळशास्त्री काही आडून बोलणारे नव्हते. 1843 मध्ये श्रीपत शेषाद्री नावाच्या बारा वर्षांच्या पोराचं प्रकरण झालं. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला, धाकटा मिशनऱ्यांच्या घरी राहिला, त्यांच्यात जेवला. बाप कोर्टात गेला, कोर्टानं मुलगा बापाच्या ताब्यात दिला. पण मुलगा घरी आला तरी जातीत कसा येणार? बाळशास्त्री म्हणाले, लहान पोर आहे, प्रायश्चित्त देऊन घ्या. त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले आणि बाळशास्त्रींना आपल्याच लोकांचा रोष पत्करावा लागला. तुला यात 'प्रायश्चित्त' एवढंच दिसेल, म्हणजे शेवटी धर्मशास्त्राच्या चौकटीतलंच. मला त्यात एक बारा वर्षांचं पोर दिसतं, ज्याला घरात घ्यायचं की नाही यावर सगळं शहर भांडतंय, आणि प्राध्यापकाची नोकरी, मानमरातब असलेला एक माणूस त्याच्या बाजूनं उभा राहतोय.

मध्येच एक वेगळं. तुला कोपर्निकस फार आवडतो ना? त्याचं 1543 च्या पुस्तकातलं मत मराठीपर्यंत कुठून आलं माहितेय? मुंबईहून नाही, पुण्याहून तर नाहीच. माळव्यात भोपाळजवळ सीहोरला, सुबाजी बापू नावाच्या मराठी शास्त्र्यानं 1836 मध्ये 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' लिहिलं. तिथला इंग्रज एजंट विल्किन्सन त्याच्या पाठीशी होता. पुस्तकात तीन मतं समोरासमोर मांडलीत: पुराणांतली मेरूभोवतीची सपाट पृथ्वी, भास्कराचार्यांच्या सिद्धांतातली गोल पृथ्वी, आणि कोपर्निकसची फिरणारी पृथ्वी. युक्ती बघ. पुराण खोटं हे साहेबाच्या तोंडून ऐकायला कोण तयार होतं? म्हणून आधी आपल्याच भास्कराचार्यांना साक्षीला उभं केलं. सातशे वर्षांपूर्वी आपल्याच माणसानं पृथ्वी गोल म्हटलीय, मग आता ती फिरते म्हणायला एवढं काय? पारंपरिक पंडितांकडून त्यावर खंडनं आली, वाद झाला. मला विचारशील तर अख्ख्या काळातला हा मला सगळ्यात आवडणारा प्रसंग, कारण इथं कुणी कुणाचं मिंधं नाही. जुन्या विद्येतला माणूस आपल्याच विद्येची हत्यारं घेऊन नव्याकडे चालत गेलाय. 'पाश्चात्त्य प्रभाव' या तुझ्या मथळ्याखाली तो कुठं बसवशील, सांग.

बरं, तुझ्या बाजूचं काय ते आता सांगते, नाहीतर म्हणशील आई सगळ्यांची वकिली करते. परमहंस सभा. 1849, मुंबई. दादोबांची प्रेरणा, जातिभेद मोडायचा हा हेतू. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा. आणि हे सगळं गुप्त! दार लावून पाव खायचा, दार उघडून घरी जायचं. 1860 च्या सुमारास सभासदांची यादीच चोरीला गेली, नावं फुटणार या भीतीनं सभा बसली ती बसलीच. एका यादीनं संपलेली क्रांती. हस, इथं हसायला माझी हरकत नाही. फक्त त्यातलेच काहीजण 1867 मध्ये प्रार्थना समाजात उघड बसले, तेवढं विसरू नकोस. पाव पोटात गेल्यापासून नाव पाटीवर यायला अठरा वर्षं लागली. मला ती फार वाटत नाहीत. आपल्या सोसायटीत भाडेकरूची जात न विचारता घर द्यायचा ठराव अजून झालेला नाही, आणि त्या बैठकीत बोलणारे सगळे पदवीधर होते.

तरीपण हे सगळे पुरुष, बहुतेक सगळे वरच्या जातींतले, आणि लपायला त्यांच्याकडे काहीतरी होतं म्हणून लपले. नोकरी होती, जात होती, जातीतली जागा होती. जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती उघड काढली, त्यात टोपणनावाची सोयच नव्हती. शिकवायला रोज रस्त्यानं चालत जायला लागतं. 1849 मध्ये जोतीरावांच्या वडिलांनी त्यांना आणि सावित्रीबाईंना घराबाहेर काढलं. लोकहितवादींच्या मताचं धाडस आणि सावित्रीबाईंच्या पायांचं धाडस एकाच तराजूत घालू नयेत, एवढं तुझं मला मान्य.

आणि मग मुक्ता. ही तुझ्या टिपणात नसणं मला सगळ्यात जास्त खटकलं. 1855 मध्ये, मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या फेब्रुवारी-मार्चच्या अंकांमध्ये, जोतीरावांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेल्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी. ती म्हणते, वेद ब्राह्मणांचेच असतील आणि आम्हाला ते पाहायचीही मनाई असेल, तर आमचा धर्म कोणता, आमचं पुस्तक कोणतं? नुसतं रडगाणं नाही हे, अगदी वकिलासारखा मुद्दा आहे. पुढे लिहिते की पूर्वी आमच्या लोकांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायांत पुरत असत. प्रुफं वाचणाऱ्या माणसाला मजकुरातला आवाज ओळखू येतो म्हणतात. मी एवढं सांगू शकते की या निबंधात कुठं वाक्य लांबवलेलं नाही, अलंकार नाही, आणि सही करताना हात आखडलेला नाही. ज्यांच्याकडे गमावायला नोकरी होती ते 'लोकहितवादी' आणि 'अ हिंदू' होऊन लिहीत होते. हिला गावाबाहेर राहायचं होतं, रस्त्यानं जाताना मार खायचा होता, आणि ती आपलं नाव घालून लिहीत होती.

तेव्हा प्रबोधन झालंच नाही हे वाक्य तू खोड. त्याऐवजी कुणी नाव लावलं, कुणी लपवलं आणि का, यावर प्रकरण लिही. 1832 पासून 1855 पर्यंत एवढीच वर्षं घे, जास्त पसरू नकोस. सुबाजी बापूंना वगळू नकोस, सीहोर लांब आहे म्हणून. आणि सनावळ्या एकदा नीट तपास. मागच्या टिपणात तू 'दर्पण' आणि 'प्रभाकर' एकाच वर्षी काढलेस, 'प्रभाकर' 1841 चा आहे.

बाबांची शुगर बरी आहे. पंचमीला येणार असशील तर तिकीट आत्ताच काढ, नंतर वेटिंग लागतं. मुक्ताच्या निबंधाची छायाप्रत मी पोस्टानं टाकलीय, फोनवर फोटो काढून पाठवली असती तर तू ती वाचली नसतीस.

तुझी,
आई