लेंटमधील (ईस्टरपूर्वीच्या 40 दिवसांच्या उपवासकाळातील) बुधवारच्या प्रार्थनेबाबत

प्रभू येशूच्या नावात सर्व बंधुभगिनींना सलाम.

येत्या बुधवारपासून संध्याकाळी 7 वाजता बायबलमधील पौलाच्या गलतीकरांस पत्राचा 5 वा अध्याय घेत आहोत. वचने 16 ते 26 घरून वाचून यावीत. त्यातली 'देहाची कर्मे' (म्हणजे पापी वागणे) म्हटले की आपल्याला दारू आणि व्यभिचारच आठवतो (तोही शेजाऱ्याचा!). पण पौलाच्या यादीत वैर, कलह, मत्सर, राग, तट, हेवा यांनीच जास्त जागा अडवली आहे. वाटणीवरून भावाशी धरलेला अबोला, मंडळीतले गट, घरातली रोजची आदळआपट, सगळे त्यात आले.

40 दिवस मटण सोडायचे आणि दुसऱ्यावर तोंड सोडणे चालूच ठेवायचे, असल्या उपवासाचा समाचार बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 58 व्या अध्यायात आहे. ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याच्याशी या आठवड्यात बोलून घ्या. फोन चालेल, फॉरवर्ड केलेले वचन नको.

कोणी काय सोडले हे ग्रुपवर टाकू नये (मत्तय 6:16-18). वाचलेले पैसे नाव न लिहिता पाकिटात घालून रविवारी दानपेटीत टाकावेत. पवित्र शास्त्र आणि चश्मा सोबत आणावा.

– सचिव