दादा, तुझ्या "सगळं टेपच असतं" वर थोडंसं

दादा,

तुझा तो लांबच्या लांब व्हॉइस मेसेज ऐकला. उत्तर बोलूनच पाठवणार होते, पण बोलायला लागले की माझी गाडी भलतीकडेच जाते आणि तू मधेच पुढे ढकलतोस हे मला चांगलं माहितीये, म्हणून निवांत बसून टाइप करतेय. आईला वाचून दाखव आणि बाबांना निदान लताबाईंचा भाग तरी दाखवच, ते त्यावर काहीतरी बोलल्याशिवाय राहणार नाहीत.

तर तुझं म्हणणं असं की आजकालचे बँड स्टेजवर नुसत्या उड्या मारतात, आवाज मागच्या लॅपटॉपमधून येतो आणि लोक तिकीट काढून टेप ऐकून येतात. अगदीच खोटं नाहीये हां ते. मागे ऑफिसच्या गँगबरोबर एका बऱ्यापैकी नावाजलेल्या बँडला गेले होते, नाव सांगत नाही, उगाच तुझ्या हातात कोलीत नको. जागा मिळाली ती नेमकी ड्रमरच्या बाजूची. त्याच्या कानात हेडफोन, आणि प्रत्येक गाण्याआधी शेजारच्या छोट्याशा पॅडवर तो एक टिचकी मारायचा की झालं, व्हायोलिनं सुरू, कोरस सुरू, आणि स्टेजवर बघावं तर ना व्हायोलिनवाला ना कोरसवाले. एकदा तर गायकाने माइक पब्लिकपुढे धरला तरी त्याचा आवाज आपला चालूच! माझ्या बाजूचा कलीग जो काही हसत सुटला.

पण दादा, मला व्हायोलिनं मशीनमधून आल्याचा राग नाही आला. चार जणांच्या बँडने वीस वादक कुठून आणायचे? खटकलं ते दुसरंच. ड्रमरच्या कानात जो क्लिक असतो ना, नुसती टकटक, मेट्रोनोमसारखी, त्याच्यावर सगळं बांधलेलं असतं, मागचे ट्रॅक, लाइट, पडद्यावरचा व्हिडिओ, सगळं. म्हणजे गाणं एकदा सुटलं की ते ठरल्या सेकंदालाच संपणार, लोक कितीही वेडे झालेत म्हणून अजून दोन आवर्तनं घेऊया असं करताच येत नाही. त्या संध्याकाळी आम्ही तिथे नसतो तरी त्यांचा शो तसाच झाला असता, अगदी तस्साच. मला चीड आली ती याची.

त्याच्या उलट एका तळघरातला छोटा कार्यक्रम. दुसऱ्याच गाण्यात गिटारवाल्याची तार तुटली. जादा गिटार नव्हती. तो खाली मांडी घालून तार बदलत बसला, बेसवाली आणि ड्रमर यांनी एकमेकांकडे बघितलं आणि तोच ठेका धरून ठेवला, नुसता ठेका, बाकी काही नाही, हळूहळू लोकांनी टाळ्या धरल्या, मग ती बेसवाली त्या टाळ्यांच्या मधल्या जागा शोधून वाजवायला लागली, आणि हा पठ्ठ्या तार लावून, कान लावून जुळवून उठला तो थेट समेवर आल्यासारखा आत शिरला. त्या गाण्याचं रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं, ठीकठाक आहे, त्यात हे काहीच नाही.

यावर गँगमध्ये जो वाद झाला त्यात एकीने मला कीथ जॅरेटचं नाव सांगितलं, तो अमेरिकन जॅझ पियानोवाला. तू ऐकलंच असशील, नसशील तर लाज वाटू दे. २४ जानेवारी १९७५, जर्मनीत कोल्नचं ऑपेरा हाउस, कार्यक्रम ठेवणारी पोरगी जेमतेम अठराची, आणि याने मागितलेला मोठा पियानो सोडून स्टेजवर आणून ठेवलेला भलताच, तालमीचा छोटा. वरचे सूर पत्र्यासारखे, खर्जात दम नाही, पेडल धड चालेना. हा म्हणाला मी नाही वाजवणार. तिने कसंबसं मनवलं. रात्री साडेअकराच्या सुमाराला बसला आणि तासाभराहून जास्त वाजवलं, आधी काहीही न ठरवता. आता गंमत बघ, वरचे सूर वाईट म्हणून तो मधल्या पट्टीतच फिरतो, खर्ज कमजोर म्हणून डाव्या हाताने तोच तो तुकडा परत परत, ठासून वाजवतो. आपण जे ऐकून डोळे मिटतो ते बरंचसं त्या भिकार पियानोमुळे तसं झालंय. त्या रात्रीच्या रेकॉर्डिंगला एकट्या पियानोचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम म्हणतात. लॅपटॉप आणि क्लिक असता तर? असो.

आता तुझा दुसरा मुद्दा, की "पहिला अल्बम काय होता राव, नंतर सगळे धंदेवाईक झाले". हे तू प्रत्येक बँडबद्दल बोलतोस दादा, अगदी ज्यांचा पहिला अल्बम तू ऐकलेलाही नाहीस त्यांच्याबद्दल सुद्धा! चाहत्यांची ही जुनी खोड आहे. १७ मे १९६६ ला इंग्लंडात मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये अमेरिकन गायक बॉब डिलन गात होता, अर्धा कार्यक्रम एकटा, साधी गिटार, सगळे खूश. मग मध्यंतरानंतर बँड घेऊन, इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला तर पब्लिक खवळलं, एकजण ओरडला "जूडास!", म्हणजे येशूला दगा देणारा तो. डिलन म्हणाला माझा नाही विश्वास तुझ्यावर, तू खोटारडा आहेस, आणि बँडकडे वळून सांगितलं की दणकून वाजवा. त्या लोकांच्या मते साधी गिटार म्हणजे खरा डिलन आणि वीज जोडली की बाटला. आज कोणी तरी असं म्हणेल का? आणि याच्यावर कडी म्हणजे हे रेकॉर्डिंग चोरून विकलं जायचं तेव्हा कित्येक वर्षं त्याच्यावर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं नाव होतं, १९९८ ला अधिकृतपणे बाहेर आलं. म्हणजे खऱ्याखोट्याच्या भांडणातली सगळ्यात प्रसिद्ध रेकॉर्ड, आणि तिच्यावरचा पत्ताच चुकीचा.

लाइव्ह अल्बमचं तर बोलूच नको. थिन लिझी या रॉक बँडचा १९७८ चा लाइव्ह अल्बम, नावातच लाइव्ह, आणि त्याचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो की त्यातला बराच भाग नंतर स्टुडिओत परत वाजवून घेतला, बँडवाले म्हणतात छे, थोडीशी डागडुजी फक्त. मला विचारशील तर ऐकताना काही फरक पडत नाही, कव्हरवर तसं लिहायला मात्र हवं होतं.

आणि इथेच माझं तुझ्याशी नाही जमत, मशीन आलं की खोटं हे मला पटत नाही. ऑटोट्यून, म्हणजे गाणाऱ्याचा चुकलेला सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर, १९९७ ला आलं, ते बनवणारा अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधायच्या कामात होता, जमिनीत धमाके करून येणाऱ्या लहरींवरून खाली काय आहे ते ओळखायचं, तेच गणित त्याने आवाजाच्या सुरासाठी वापरलं. दुसऱ्याच वर्षी शेर या अमेरिकन गायिकेच्या गाण्यात ते मुद्दाम इतकं ताणून वापरलं की आवाज यंत्रासारखा तुटतो, आणि ते लपवलेलं नाही, तोच तर त्या गाण्याचा रंग आहे. त्यात फसवणूक कुठे आहे? लंडनला २०२२ पासून ॲबा या स्वीडिश बँडचा शो चालू आहे, ते चौघं स्टेजवर नसतातच, त्यांच्या डिजिटल प्रतिमा असतात आणि सोबत दहा जणांचा खराखुरा बँड. तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. माझी एक कलीग जाऊन रडून आली, मी तिला नावं ठेवणार नाही.

आता बाबांना बोलव.

मिली व्हॅनिली नावाची जोडी होती, दोघं देखणे, नाचायचे झकास. १९९० च्या फेब्रुवारीत त्यांना ग्रॅमी मिळालं आणि नोव्हेंबरमध्ये काढून घेतलं, कारण रेकॉर्डवर एक ओळही ते गायले नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी स्टेजवर टेप अडकून एकच तुकडा परत परत वाजायला लागला होता तेव्हाच काहींना शंका आली होती. जगभर छी थू झाली. आमची गँग हे सांगताना अजून हसते. मी म्हटलं थांबा जरा, आमच्याकडे सिनेमात कित्येक दशकं सगळ्यात लाडकी गाणी अशीच झालीत, ओठ हलवणारी एक आणि गाणारी दुसरी, आणि कोणालाही फसवल्यासारखं वाटत नाही कारण सगळ्यांना ठाऊक असतं आणि गाणारीचा मान वेगळा असतो. सगळे गप्प.

पण हा मान आपोआप नाही मिळाला हं. बाबांना विचार, १९४९ ला 'महल' आला तेव्हा 'आयेगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर लताबाईंचं नाव नव्हतंच, गायिका म्हणून नाव होतं कामिनी, म्हणजे सिनेमातल्या मधुबालाच्या पात्राचं! लोकांनी रेडिओला विचारून विचारून भंडावलं तेव्हा कुठे नाव कळलं. आणि फिल्मफेअरने पार्श्वगायनाचं बक्षीस सुरू केलं ते १९५९ ला. मिली व्हॅनिलीत पण माझ्या डोक्यात राहिले ते ते दोघं नाहीत, खरं गाणारे राहिले, चार्ल्स शॉ, जॉन डेव्हिस, ब्रॅड हॉवेल, ज्यांचा आवाज लाखोंच्या घरात गेला आणि कव्हरवर नाव दुसऱ्याचं. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवण्याचं मला काही वाटत नाही, नाव गाळणं मात्र चोरी आहे. माझ्यापुरता हिशोब एवढाच, कोण काय करतंय ते उघड सांगा, आणि लाइव्ह म्हणत असाल तर त्या दिवशी काहीतरी बिघडायला किंवा जमून यायला जागा ठेवा.

आणि दुसऱ्याचं गाणं गाण्याला तू नेहमी नाक मुरडतोस म्हणून एक, अमेरिकन गायक जॉनी कॅशने २००२ ला नाइन इंच नेल्स या रॉक बँडचं 'हर्ट' गायलं, म्हातारपणी, थकलेल्या आवाजात. मूळ लिहिणाऱ्या ट्रेंट रेझनरला पण वाटलं की हे गाणं आता आपलं राहिलं नाही. दोन्ही ओळीने ऐक आणि मग बोल. मला अजून मूळचंच जास्त आवडतं, आमच्याकडे यावरून एक जण माझ्याशी दोन दिवस नीट बोलत नव्हता, म्हणजे बघ.

बरं, आता तू तुझी पाच नावं पाठव, स्टुडिओतली नको, लाइव्हच, आणि प्रत्येकापुढे त्यात नेमकी कुठली जागा ते लिही, "भारी आहे यार" चालणार नाही. वहिनीची यादी वेगळी हवी, तुझ्या यादीत तिची गाणी घुसवून माझी म्हणून सांगतोस ते बंद. आईला म्हणावं रविवारी फोन करते, आणि बाबा 'महल'बद्दल काय बोलले ते जसंच्या तसं रेकॉर्ड करून पाठव, तुझी एडिटिंग नको.

तुझी,
छोटी