फुकटची ट्रिप म्हणणाऱ्यांना

संपादक महोदय,

कॉन्फरन्सच्या नावाखाली ऑफिसच्या पैशाने जग फिरणाऱ्या मंडळींना मागच्या आठवड्यात आपल्या पुरवणीत जो चिमटा काढला होता तो वाचून हसू आलं आणि थोडं लागलंही, कारण त्यातला एक मी पण. बारा-तेरा वर्षं कामानिमित्त परदेशात कॉन्फरन्सला जातोय आणि तेवढीच वर्षं नातेवाईकांचं ते ठरलेलं वाक्य ऐकतोय, "तुझी काय बाबा मजा आहे!" मजा असते, नाही म्हणत नाही. पण लोकांना वाटते तिथे ती नसते.

फिरण्याचं म्हणाल तर एअरपोर्ट, हॉटेल आणि कन्व्हेन्शन सेंटर, संपलं. ही सेंटरं कुठल्याही देशात सारखीच, तोच राखाडी गालिचा, खिडकी नसलेले हॉल, आणि एसी असा की स्वेटर घालून टाळ्या वाजवायच्या. एका शहरात तीन दिवस राहून मी तिथली नदी फक्त टॅक्सीच्या काचेतून पाहिलीय, तीही रात्री.

खरा त्रास सुरू होतो निघायच्या कितीतरी आधी. ज्यांच्या पासपोर्टला पावलोपावली व्हिसा लागतो त्यांनाच हे कळेल. शेंगेनचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचं उदाहरण घ्या. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी, निर्णय एरवी 15 दिवसांत होतो पण नियमातच 45 दिवसांपर्यंत ताणायची सोय आहे. वर किमान 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स, हॉटेलचं बुकिंग, बँकेची स्टेटमेंटं, ऑफिसचं पत्र, आणि 35 बाय 45 मिलिमीटरचा फोटो ज्यात आपण स्वतःलाच संशयित वाटतो. आता आयोजक काय करतात, तर पेपर (म्हणजे आपला शोधनिबंध) सिलेक्ट झाल्याचा मेल पाठवतात जेमतेम दोन महिने आधी, इन्व्हिटेशन लेटर त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, ते पण दोनदा आठवण केल्यावर, आणि आपण अपॉइंटमेंट घ्यायला जावं तर पुढच्या तीन आठवड्यांत एकही स्लॉट नाही. माझ्या बाबतीत एकदा कॉन्फरन्स सोमवारी सुरू झाली आणि पासपोर्ट हातात आला मंगळवारी. माझ्या स्लाइड्स एका सहकाऱ्याने वाचून दाखवल्या, त्याचा तो विषयच नव्हता, प्रश्न आला तेव्हा बिचारा म्हणाला "ते मेलवर कळवतील". ज्याने प्रश्न विचारला त्याचा ईमेल आयडी कोणीच घेतला नव्हता.

पोचलात तरी सामान पोचेलच असं नाही. एकदा माझी बॅग तिसऱ्याच देशात गेली आणि प्रवासातल्या चुरगळलेल्या शर्टावर टॉक द्यावा लागला. तेव्हा शिकलेली गोष्ट इथे सांगून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. एअरपोर्टवरून बाहेर पडायच्या आधी काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून नंबर घ्या, आणि अडचणीत जे काही विकत घ्याल, अगदी टूथब्रश सुद्धा, त्याची पावती ठेवा. 1999 च्या माँट्रियल करारानुसार (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा करार) उशिरा आलेल्या बॅगेसाठी ती हातात पडल्यापासून 21 दिवसांत लेखी क्लेम करता येतो, मोडतोड झाली असेल तर फक्त 7 दिवस. विमान कंपन्या हे आपणहून सांगतील अशी वाट बघू नका.

पोस्टरची, म्हणजे आपलं काम एका मोठ्या कागदावर छापून तिथे लावायचं असतं त्याची, तर वेगळीच तऱ्हा. ए-झिरो साइझ म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर, तो गुंडाळून नळकांड्यात घालायचा, ते नळकांडं बंदूक असल्यासारखं खांद्याला लावून सिक्युरिटीत सगळ्यांच्या नजरा झेलायच्या आणि शेवटी विमानात वरच्या कप्प्यात विसरून यायचं. दोनदा विसरल्यावर मी कापडावर छापून घ्यायला लागलो, शर्टांच्या मध्ये घडी घालून मस्त जातो. फक्त घडी नेमकी मुख्य ग्राफच्या मधोमध पडते, मग रात्री एक वाजता हॉटेलची इस्त्री मागवून आलेख सरळ करत बसायचं. झोप तशीही नसतेच. पूर्वेकडे प्रवास केला की जास्त त्रास होतो कारण बहुतेकांचं शरीराचं घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित मोठं असतं, त्याला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं नाही. आणि आपला टॉक हमखास आपल्या शरीराच्या पहाटे तीन वाजता असतो.

मग जातोस कशाला? सांगतो. एका रिसर्च ग्रुपची पद्धत वापरून आम्ही आठ महिने डोकं आपटत होतो, त्यांच्या पेपरमधली तिसरी पायरी काही केल्या जमेना. कॉफीच्या रांगेत पुढे उभ्या बाईंच्या बॅजवर नाव वाचलं तर त्याच पेपरच्या लेखिका! चाचरत विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या की ती पायरी आमच्याकडेही तशी चालत नाही, आम्ही आधी वेगळंच करतो, ते छापायचं राहून गेलं. आणि कपाखालचा नॅपकिन ओढून त्यावर चार ओळी लिहून दिल्या. पुरती दहा मिनिटं सुद्धा नाही. 2020-21 मध्ये सगळं ऑनलाइन झालं तेव्हा टॉक सगळे ऐकले, घरबसल्या, जेट लॅग नाही काही नाही, पण ब्रेक झाला की सगळ्यांचे कॅमेरे बंद. रांगच नाही तर पुढे कोण उभं आहे हे कळणार कसं?

परत आल्यावर बिलांचा जो तमाशा होतो, म्हणजे बोर्डिंग पासचा कागदी तुकडाच हवा, कुठल्या तारखेचा एक्स्चेंज रेट धरला ते लिहा वगैरे, त्यावर लिहायला वेगळं पत्र लागेल.

आपल्या वाचकांमध्ये कॉन्फरन्स भरवणारे असतील तर त्यांना एकच सांगणं आहे. पेपर सिलेक्ट झाल्याचं निदान चार महिने आधी कळवा आणि इन्व्हिटेशन लेटर त्याच मेलला जोडा. लेटरवर पासपोर्टवरचं पूर्ण नाव, तारखा आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहा. तुमची पाच मिनिटं जातील, समोरच्याचं वर्षभराचं काम वाचेल.

आपला,
एक नेहमीचा वाचक

ता. क. नातेवाईकांसाठी: चॉकलेटं आणलीत. एअरपोर्टवरचीच आहेत.