टॅटूवाल्या आजींचं गाव आणि त्याच रस्त्यावरचा मैलकुली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फिलिपाईन्समधल्या व्हँग-ओड आजींवरचा लेख वाचला. बुस्कालान गावात काट्याने आणि काजळीने टॅटू काढणाऱ्या या आजी १९१७च्या जन्माच्या. २०२३ साली त्या 'व्होग'च्या फिलिपाईन्स आवृत्तीच्या मुखपृष्ठावर झळकल्या. लेख चांगला आहे, फोटो तर फारच सुंदर. पण एक वाक्य खटकलं, म्हणून हे पत्र. पर्यटक येईपर्यंत हा भाग 'बाहेरच्या जगाला अनोळखी' होता, असं लेखक लिहून जातात.

बुस्कालानला जायचं तर बोंतोक या डोंगरी गावाहून गाडी पकडतात आणि बुगनाय गावाजवळच्या फाट्यापाशी मुख्य रस्ता सोडून डोंगर चढायला लागतात. आपले लेखकही तिथूनच गेले असणार. ज्या बुगनायवरून ते पुढे गेले ते गाव पंचेचाळीस वर्षांपूर्वी जगभर माहीत होतं आणि ते तिथल्या एका मैलकुलीमुळे.

मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून पस्तीस वर्षं काढली, त्यामुळे मैलकुली म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. घमेलं, फावडं, कुदळ घेऊन आपल्या वाट्याच्या मैलात दिवसभर खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी करायची आणि पावसाळ्यात दरड कोसळली की रात्री-अपरात्री धावायचं. माझ्या हाताखालचा एक मैलकुली घाटातल्या कुठल्या वळणावर माती सुटणार हे दोन दिवस आधी सांगायचा. आम्ही साहेबलोक हसायचो आणि दोन दिवसांनी जेसीबी मागवायचो. तिकडे या कामाला 'कामिनेरो' म्हणतात. माक्लीइंग दुलाग हा बुगनायचा कामिनेरो आणि गावाचा पुढारीही. अक्षरओळख नसलेला.

उत्तर लुझोनच्या डोंगरांतला हा कलिंगा मुलूख. आपल्या ओडिशाच्या कलिंगाशी त्याचं काही नातं नाही. शत्रूची मुंडकी मारणारे, अशा अर्थाने शेजाऱ्यांनी दिलेलं हे नाव आहे, असं म्हणतात. व्हँग-ओड आजींची कला मुळात अशाच लढवय्यांच्या छातीवरची. स्पॅनिशांनी तीनशेहून अधिक वर्षं फिलिपाईन्सवर राज्य केलं, पण हे डोंगर त्यांना कधी धड ताब्यात घेता आले नाहीत. इथे राजा नव्हता, जहागीरदार नव्हता. होता तो 'पांगात'. (आपल्या पंगतीशी याचाही संबंध नाही.) पांगात निवडून येत नसे आणि बापाचा मुलगा म्हणूनही होत नसे. भांडणं मिटवता मिटवता लोक ज्याचं ऐकू लागत, तो पांगात. हुकूम सोडायचा अधिकार त्याला नसे.

दोन गावांमध्ये वैर वाढू नये म्हणून 'बोदोंग' नावाचा करार असे. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस तो सांभाळायचा. आपल्या हद्दीत दुसऱ्या गावचा माणूस मेला तर भरपाई काय, सूड कुणी घ्यायचा नाही, सगळं ठरलेलं. गावाचा इतिहास लिहायचा तर तो या करारांतच सापडतो.

सरकारची व्यवस्था वरून आली. आधी 'बारिओ', त्याचा कप्तान, १९५९च्या कायद्याने निवडून आलेली बारिओ परिषद. माक्लीइंग १९६६पासून बारिओ कप्तानही होता, म्हणजे पांगात लोकांनी मानलेला आणि कप्तान मतांनी झालेला, दोन्ही एकच माणूस. १९७४ साली राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी हुकूम काढून सगळ्या बारिओंचं नाव 'बारांगाय' केलं. हा शब्द समुद्रातून कुटुंबकबिला घेऊन येणाऱ्या 'बालांगाय' होडीवरून आलेला. डोंगरमाथ्यावरच्या लोकांच्या गावाला होडीचं नाव! पण नाव बदलायला सरकारला काय लागतं.

त्याच सुमारास याच मुलुखातल्या चिको नदीवर चार धरणांची योजना आली. १०१० मेगावॉट वीज आणि पाठीशी जागतिक बँक. देशात मार्शल लॉ. भातखाचरं, घरं आणि पुरखे पुरलेली जमीन पाण्याखाली जाणार, आणि जमिनीचे कागद मागितले तर कुणाकडे एकही नाही. सरकारी माणसांना माक्लीइंगने दिलेलं उत्तर आजही तिकडे सांगतात, ते असं: जी जमीन आपल्या मागेही राहणार, तिचे मालक आपण कसे? सातबारे तपासण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून क्षणभर काही सुचलं नव्हतं.

दुसरी गोष्ट पाकिटाची. आदिवासी खात्याचे प्रमुख मान्युएल एलिझाल्दे यांनी त्याच्या हातात एक बंद पाकीट ठेवलं. तो म्हणाला म्हणे, की यात चिठ्ठी असेल तर मला वाचता येत नाही, पैसे असतील तर माझ्याकडे विकायला काही नाही, तेव्हा पाकीट परत घ्या.

नुसत्या बाणेदार उत्तरांनी धरण थांबत नसतं, हे मी खात्यात राहून पुरेपूर जाणतो. खरं काम झालं ते बोदोंगमुळे. दोन गावांपुरता असलेला हा करार मे १९७५मध्ये कलिंगा आणि शेजारच्या बोंतोक लोकांच्या पुढाऱ्यांनी धरणाविरुद्धचा सामाईक करार केला. आपल्या माणसांनी धरणाच्या कामावर जायचं नाही आणि कुणी गेलाच व तिथे मारला गेला, तर विरोधातली गावं त्याला जबाबदार नाहीत, असं त्यात ठरलं. शेजारच्या गावांशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर असलेली माणसं एका कलमाखाली आली. सर्वेक्षणाचे तंबू गावकऱ्यांनी, त्यातही बायकांनी, पुन्हा पुन्हा उपटले.

२४ एप्रिल १९८०च्या रात्री सैनिकांनी बुगनायमध्ये माक्लीइंगच्या घरावर गोळीबार केला. तो जागीच गेला. शेजारच्या पेद्रो दुंगोकच्या घरावरही गोळ्या झाडल्या, तो बचावला आणि पुढे कम्युनिस्ट बंडखोरांना जाऊन मिळाला. नेता मारला की लोक घरी बसतील, हा हिशेब चुकला. जागतिक बँकेने अंग काढून घेतलं, चार धरणं कागदावरच राहिली. १९८२ साली बँकेने आदिवासी प्रदेशांतल्या प्रकल्पांसाठी पहिल्यांदा धोरण आखलं. तीच बँक पुढे नर्मदेवर आली आणि धरणाला विरोध करणाऱ्या आपल्या नर्मदाकाठच्या मणिबेली गावच्या लोकांशी गाठ पडल्यावर १९९३मध्ये सरदार सरोवरातूनही तिचं कर्ज थांबलं. मणिबेलीचा संदर्भ आपल्या वृत्तपत्रातच मी तेव्हा वाचला होता, म्हणून 'अनोळखी' हा शब्द अधिकच लागला.

२०१७ साली बुगनायच्या रस्त्याकडेला माक्लीइंग, दुंगोक आणि धरणविरोधी लढ्यातला त्यांचा साथी लुंबाया गायुदान या तिघांचं स्मारक उभं राहिलं. जानेवारी २०२१मध्ये ते काढून टाकलं. कारण काय, तर रस्त्याच्या हद्दीतलं अतिक्रमण. ज्या रस्त्याचे खड्डे माक्लीइंग आयुष्यभर बुजवत होता, त्याच रस्त्याच्या हद्दीत. आमच्याच खात्याची भाषा ही. अशा नोटिसा मीही काढल्या आहेत.

लेखकांनी पुन्हा तिकडे जायचं ठरवलं तर फाट्यावर उतरल्यावर डोंगर चढायची घाई करू नये, आधी गावात चहा घ्यावा.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता, सातारा